‘उरलेल्या’ भाषा

घाना आणि टोगो या देशांच्या सीमेवरील डोंगरांत सुमारें १४ लहान भाषा नांदतात. १९१२ सालीं बर्नहार्ड श्ट्रुक या जर्मन पंडितानें त्यांस ‘टोगोच्या उरलेल्या भाषा’ असें नांव दिलें. जींत आया लेंकरांस निजवितात, ती बोली ‘उरलेली’ कशी, हें आम्हांस उमगत नाहीं.

अक्पाफूकडील सिवू भाषाच पाहा. मूळ शब्द ‘वू’. त्याच्या आधीं ‘सि’ लागला कीं भाषा, ‘मा’ लागला कीं माणसें, ‘का’ लागला कीं भूमि: सिवू, मावू, कावू. घरांत कोणी व्याकरणप्रेमी काका असतील, त्यांस हें अवश्य वाचून दाखवावें! हे लोक पूर्वीं लोखंड गाळण्यांतही निष्णात होते.

१८४७ सालीं ब्रेमेनचे मिशनरी त्या प्रांतीं आले. शाळा आणि प्रार्थनामंदिर यांसाठीं त्यांनीं एवे भाषा पत्करिली. प्रत्येक डोंगरासाठीं निराळा कोश व निराळें बायबल रचणें अवघड होतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यामुळें डोंगरांतील मूल आईशीं सिवूंत बोले आणि देवाशीं एवेंत. मृतासाठीं गावयाचीं जुनीं सिवू शोकगीतेंही हळूहळू मागें पडूं लागलीं. आजही तेथें कचेरींत इंग्रजी, प्रार्थनेंत बहुधा एवे, आणि सिवू चुलीपाशीं.