घरच्या सुरीला धार : शार्पनर घ्यावा की दगड?

निफाड तालुक्याला कांद्याचे कौतुक सांगायला नको. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या नामांकित बाजारपेठा याच तालुक्यातल्या. पण तो कांदा ज्या सुरीने, ज्या विळीने चिरला जातो तिच्या धारेकडे घरोघरी दुर्लक्षच असते. बोथट पात्याला जोर जास्त लागतो, पाते सटकते आणि बोटावर येते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर बोथट पात्याने कांद्याच्या रसाचे तुषार अधिक उडतात, असे आढळले. डोळ्यांतील पाण्यात सुरीचाही वाटा आहे!

यावर उपाय म्हणून भांड्यांच्या दुकानांत खाचेचे शार्पनर मिळतात. खाचेत सुरी घालून दोन-चार वेळा ओढली की काम झाले. सोय खरी, पण त्यातील कठीण धातूच्या पट्ट्या पाते अक्षरशः खरवडतात. धार लवकर येते, लवकर जाते आणि पाते झिजत राहते. शिवाय विळीचे पाते पाटाला जडवलेले आणि वाकडे. ते या खाचेतून नीट ओढता येत नाही. काही दुकानदार पोलादी सळई पुढे करतात. ती मुडपलेली धार सरळ करते. पुरत्या बोथट सुरीला तिचा उपयोग नाही.

आमच्या मते घरासाठी दुहेरी दगडच उत्तम. एक बाजू जाड, दुसरी बारीक; अंक जितका मोठा तितका दगड बारीक. लांबी सहा ते आठ इंच असावी. घेताना दगडावर पट्टी आडवी धरून तो सपाट आहे ना, हे पाहावे. वापरताना खाली ओले फडके ठेवावे. पात्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश इतकी सुरीची पाठ उचलावी, म्हणजे वीस अंशांचा कोन साधतो. दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. विळीसाठी लहान दगड हातात धरून पात्यावर फिरवावा. पिकला टोमॅटो न दाबता चिरला गेला की धार लागली समजावे.

मग आमच्या शिकलगार बांधवांच्या पोटाचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई. त्यावरून या कारागिराचे नाव पडले. खांडे पडलेले पाते, कात्री, बकरी ईदची मोठी सुरी ही कामे घरच्या दगडावर होणारी नव्हेत. ती त्याच्याकडेच जावीत आणि तेथे पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस नको. मात्र कारागिरानेही एक पथ्य पाळावे : कोरड्या चाकावर पाते तापवू नये. कडेला निळी झाक आली की पोलादाचे पाणी उतरले म्हणून समजावे.

आमची सूचना अशी की शिकलगारांनी स्वतःच चांगले दगड विकायला ठेवावेत आणि गिऱ्हाइकाला ते वापरायला शिकवावे. दगड शिकवणाऱ्याकडेच गिऱ्हाईक मोठे काम घेऊन परत येते. खाचेचे यंत्र विकणारा दुकानदार हे करू शकणार नाही.