शिबिरात शुगर 148, लॅबमध्ये 124. मग खरं कोणाचं?

गावोगावच्या शुगर तपासण्या आता भरपूर वाढल्या आहेत. 2025 मध्येच केंद्र सरकारच्या दोन मोठ्या मोहिमा झाल्या. 20 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात 30 वर्षांवरील लोकांची बीपी, शुगर, कॅन्सरची तपासणी झाली. नंतर 17 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झालं. शिवाय उपकेंद्रावर सुई टोचली जाते, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात टोचली जाते, मेडिकलवाल्याकडेही मशीन असतंच. तपासणी वाढली हे चांगलंच झालं. पण त्यासोबत एक भांडणही वाढलंय. शिबिरात 148 आलेली शुगर दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये 124 येते. मग कोणी म्हणतं मशीन डुप्लिकेट, कोणी म्हणतं लॅबवाला चोर.

बहुतेक वेळा दोघंही चोर नसतात. सोयाबीन विकायला नेलं की एका अडत्याच्या मशीनवर ओलावा 11 येतो आणि शेजारच्या मशीनवर 13, हे आपण दर हंगामात बघतो. तिथे आपण लगेच दुसऱ्या मशीनवर मोजायला लावतो, कारण पैशाचा प्रश्न असतो. शुगरच्या बाबतीत मात्र एकाच आकड्यावर काही जण गोळी सुरू करतात आणि काही जण बंद करतात. खरा धोका या सवयीत आहे.

शुगरच्या मशीनला म्हणजे ग्लुकोमीटरला किती चूक माफ आहे, ते आधी बघू. जगभर वापरला जाणारा नियम आयएसओ 15197 हा आहे, 2013 चा. तो सांगतो की लॅबची शुगर 100 किंवा त्याहून जास्त असेल, तर मशीनचे 100 पैकी 95 आकडे लॅबच्या आकड्यापासून 15 टक्क्यांच्या आत हवेत. 100 पेक्षा कमी असेल तर 15 पॉइंटांच्या आत. उरलेले 5 आकडे त्याबाहेर गेले तरी मशीन पास. आता हिशोब करा. खरी शुगर 130 असेल तर चांगलं, पास झालेलं मशीनही 111 पासून 149 पर्यंत काहीही दाखवू शकतं. खरी 200 असेल तर 170 ते 230. म्हणून मशीनवरचा 148 हा मोटारसायकलच्या नंबरासारखा पक्का आकडा नाही, तो ‘148 च्या आसपास’ एवढंच सांगतो. घरी रोज तपासून चढ-उतार बघायला एवढं पुरतं. शुगरचा आजार आहे की नाही, हे ठरवायला पुरत नाही.

ही झाली मशीनची चूक. आपल्या हातून होणारी वेगळीच. गुऱ्हाळावर काम करून आलात, केळी किंवा आंबा सोलला, लहान पोराला बिस्किट भरवलं आणि तसंच बोट पुढे केलं, तर बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात उतरते. जपानमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये हे तपासलं होतं. फळ सोलल्यावर हात न धुता घेतलेली शुगर भलतीच जास्त आली, आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही फरक पूर्ण गेला नाही. साध्या पाण्याने हात धुतल्यावर आकडा ठीक आला. पण हात धुऊन कोरडे करा. ओल्या बोटाचं पाणी थेंबात मिसळलं की शुगर कमी दिसते. थेंब येत नाही म्हणून बोट जोरात पिळलं तरी आकडा बिघडतो.

पट्ट्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या डबीवर साधारण 30 अंशांपर्यंतच ठेवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा 40 च्या वर असतो आणि डबी कुठे असते, तर गाडीच्या डिकीत नाहीतर आशाताईंच्या पिशवीत. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की पट्टीला ओल लागते. तारीख संपलेली पट्टी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून वापरली जाते ते वेगळंच.

आता एक गोष्ट, जी खास करून बायकांनी लक्षात ठेवायला हवी. अंगात रक्त कमी असेल, म्हणजे हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, तर ग्लुकोमीटर शुगर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. थेंबात तांबड्या पेशी कमी असल्या की पट्टीपर्यंत साखर सहज पोहोचते, असं त्याचं साधं कारण आहे. नव्या मशीनमध्ये हे सावरून घ्यायची सोय असते, पण तीही एका मर्यादेपर्यंतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के महिलांमध्ये रक्त कमी असल्याचं दिसलं. म्हणजे शिबिरात रांगेत उभ्या असलेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या बाबतीत हा प्रश्न येऊ शकतो. शुगर वाढलेली निघाली तर हिमोग्लोबिनचीही चिठ्ठी मागून घ्या, दोन्ही आकडे डॉक्टरांपुढे ठेवा.

मग लॅबचा आकडा तरी देववाणी का? तसंही नाही. काढून ठेवलेल्या रक्तातल्या पेशी नळीतसुद्धा साखर खातच राहतात. साध्या नळीत बाहेरच्या तापमानाला ठेवलं तर तासाला 5 ते 7 टक्के साखर कमी होते. सकाळी गावात काढलेलं 140 चं रक्त तीन तास फिरत तालुक्याला पोहोचलं, तर ते 120 किंवा त्याहून खाली दिसू शकतं. यासाठी राखाडी टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी असते. पण तिचाही परिणाम लगेच होत नाही, पहिला तास-दोन तास साखर थोडी उतरतेच. घरी येऊन रक्त नेणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा, शुगरची नळी राखाडी टोपणाची आहे का आणि ती लॅबला किती वाजता पोहोचणार. विचारायला लाजायचं कारण नाही, पैसे तुमचे आहेत.

तुलनाही बरोबर व्हायला हवी. शिबिरात चहा-बिस्किट खाऊन तपासलं आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी लॅबला गेलात, तर त्या दोन आकड्यांचं भांडण लावण्यात अर्थच नाही. त्यातही जेवणानंतर बोटाच्या रक्तातली शुगर शिरेच्या रक्तापेक्षा सहज 20 पॉइंटांनी जास्त असू शकते. उपाशीपोटी हा फरक जवळपास राहत नाही. घरचं मशीन पारखायचंच असेल तर उपाशीपोटी लॅबमध्ये जा, शिरेतलं रक्त दिलं की लगेच, पाच मिनिटांच्या आत, स्वतःच्या मशीनवर बोटाचं तपासा आणि आकडा लिहून ठेवा. रिपोर्ट आल्यावर 15 टक्क्यांचा हिशोब लावा. त्यात बसलं तर मशीन ठीक. फारच बाहेर गेलं तर आधी पट्टीची नवी डबी आणून बघा, मशीन नंतर बदला.

शिबिरातल्या तपासणीचा हेतू चाळणीचा असतो. बोटाच्या रक्तात शुगर 140 च्या वर आली की त्या माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं, एवढंच तिथे ठरतं. आजार ठरतो तो शिरेच्या रक्तावर. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 200 किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त. काही त्रास नसेल तर असा आकडा दोनदा यावा लागतो. उलट बाजूही आहे. शिबिरात 133 आलं म्हणून ‘सुटलो’ म्हणणाऱ्याची खरी शुगर 150 असू शकते. ज्याच्या आईवडिलांना शुगर आहे, पोट सुटलंय, रात्री लघवीला सारखं उठावं लागतं, त्याने मशीन काहीही म्हणो, लॅबची तपासणी करावी. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात अंदाजे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे.

आदिवासी भागातल्या वाचकांसाठी आणखी एक. सिकलसेल असेल तर एचबीएवनसी ही तीन महिन्यांची शुगर सांगणारी तपासणी भरवशाची राहत नाही, कारण ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर चालते आणि सिकलसेलमध्ये त्या लवकर मरतात. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत लाल-पिवळं कार्ड असलेल्यांनी ते कार्ड शुगरच्या डॉक्टरांनाही दाखवावं.

आपल्या शिबिरांमध्ये एक सुधारणा आजच होऊ शकते आणि तिला खर्चही नाही. हातात मिळणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा नुसता आकडा असतो. किती वाजता तपासलं, शेवटचं खाणं कधी झालं, बोटाचं रक्त की शिरेचं, हे तीन शब्दांत लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला त्या आकड्याचा अर्थ लागेल. सिस्टर लिहीत नसतील तर स्वतः पेनाने लिहा. मशीन तपासायचं कंट्रोल सोल्यूशन नावाचं औषध असतं, त्याने शेवटचं कधी तपासलं, हेही ग्रामसभेत आरोग्य विभागाला विचारता येतं.

फक्त एका वेळी मशीनवर शंका घेत बसू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि आकडा 70 च्या खाली आहे, तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी परत तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन लावा.