सोलर पंपाला आमचा पट्टा का चालत नाही?



बाजाराला तालुक्याला जाता तेव्हा सोलर पंपाच्या जाहिराती बघितल्या असतील. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ असं योजनेचं नावच आहे. योजना खोटी नाही. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची, राज्याची ही २०२४ ची. इतर शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, आदिवासी आणि दलित शेतकऱ्याने फक्त ५ टक्के. म्हणजे १०० रुपयांतले ९५ रुपये सरकारचे. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपीचा पंप.

हा पंप खरा कोणाला पाहिजे? ज्याच्या शेतात लाइटची तार पोचत नाही त्याला. म्हणजे आपल्याला. पावसाळ्यात नागली-वरई निघते. दिवाळी झाली की घराला कुलूप आणि अख्खं कुटुंब वीटभट्टीवर. त्याच शेताला पाणी लागलं तर हरभरा होईल, भाजीपाला होईल, पोरं शाळेत टिकतील.

पण आपला माणूस फॉर्म भरायला गेला की पहिला सवाल, सातबारा कुठाय? आपल्याकडे वनहक्काचा पट्टा आहे. त्याच्यावर जिल्हाधिकाऱ्याची सही आहे, वन अधिकाऱ्याची आहे, आदिवासी विभागाच्या अधिकाऱ्याची पण आहे. तीन साहेबांच्या सह्यांचा कागद सरकारच्याच टेबलावर चालत नसेल, तर तो दिला कशाला? कार्यक्रमात फोटो काढायला?

पुढचा सवाल पाण्याचा. विहीर किंवा बोअर दाखवा, मग पंप. आता पट्ट्यावर विहीर खोदायला घेतली की वनरक्षक येऊन काम बंद पाडतो. जमीन जंगलची म्हणून विहीर नाही आणि विहीर नाही म्हणून पंप नाही. वर हेच लोक म्हणणार, आदिवासी योजनेचा फायदाच घेत नाहीत!

साहेब सांगतात, “जमीन वनखात्याची आहे, तुम्ही नुसते कसता.” हे चूक आहे. पट्टा म्हणजे वनखात्याने दिलेलं भाडं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपला हक्क मान्य केला आहे आणि तो आपल्या पोरांनाही वारसाने मिळतो. पट्टा विकता येत नाही, एवढंच. पण पंप मागणारा जमीन विकायला कुठे निघालाय? तो तर पिकवायला निघालाय.

कायद्याच्या नियमांतला १६ वा नियम सगळ्यांनी पाठ करा. ज्यांचे हक्क मान्य झाले त्यांना जमीन सुधारणेच्या, उत्पादन वाढवण्याच्या आणि रोजगाराच्या सरकारी योजना मिळतील हे राज्य सरकारने बघायचं आहे. म्हणजे जबाबदारी सरकारची आहे, आपण हात जोडायचे नाहीत. याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावासाठी ज्या १३ सोयींना जंगलची जमीन देता येते, त्यात लहान तलाव आहेत, विजेच्या तारा आहेत आणि अपारंपरिक ऊर्जा पण आहे. अट काय? एका सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. सोलर जंगलात चालत नाही असं कोणी म्हटलं तर हे कलम पुढे ठेवा.

दुसरी बाजू पण बघा. सौर कृषी वाहिनी योजनेत प्लेटा बसवायला सरकारी जमिनी आणि गायरानं दिली जातात. तिथे जागा पटकन सापडते. ज्या गायरानात आपली गुरं चरतात ते मोकळं दिसतं, आणि ज्या शेतात आपण तीन पिढ्या राबलो ते कागदावर दिसत नाही! आमचा सोलरला विरोध नाही. ऊन सगळ्यांचं आहे, मग अनुदान पण सगळ्यांचं पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या :

१) पंपाच्या अर्जात सातबाऱ्याऐवजी वनहक्काचा पट्टा चालला पाहिजे.
२) पट्ट्यावर विहीर खोदायला अडवणूक बंद करा.
३) ग्रामसभेला विचारल्याशिवाय गायरान कोणाला देऊ नका.

येत्या ग्रामसभेत हे तिन्ही ठराव घ्या, बायांच्या सह्या-अंगठे पण घ्या. प्रत्येक पट्टेदाराने अर्ज लेखी द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नये. नाही म्हणत असतील तर कारण लिहून मागा. तोंडी ‘नाही’ ऐकून घरी यायचं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये आपली माणसं नाशिकहून मुंबईला पायी गेली ती वनजमिनीच्या हक्कासाठी. पट्टा मिळाला, आता त्याला पाणी मिळवायचं आहे.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!