मुलांच्या शब्दाची किंमत

उरणच्या शाळकरी मुलांनी २२ सप्टेंबर २०१६ रोजी शस्त्रधारी संशयित पाहिल्याचे सांगितले आणि काही तासांत मुंबईची सारी किनारपट्टी सज्ज झाली. उरी येथील लष्करी तळावरील हल्ल्याला तेव्हा अवघे चार दिवस लोटले होते. नौदलाने दक्षतेचा इशारा दिला, संशयिताचे रेखाचित्र प्रसृत झाले, उरणच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शोधमोहिमेत कोणीही सापडले नाही. तरीही यंत्रणेने केले ते योग्यच होते. करंजाचे नौदल शस्त्रागार, तेलप्रकल्प आणि न्हावा-शेवा बंदर ज्या तालुक्यात आहे, तेथे मुलांचे बोलणे हसण्यावारी नेणे परवडणारे नव्हते.

अशा प्रसंगानंतर एक मागणी हमखास पुढे येते : सरकारी खर्चाने प्रत्येक शाळेच्या दारात बंदूकधारी पोलीस उभा करा. बंदराला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा, मग शाळेने काय पाप केले? पालकांची भावना रास्त आहे, हिशेब मात्र चुकीचा. माल राखणे वेगळे, मूल राखणे वेगळे. अमेरिकेत हा प्रयोग कधीचाच झाला आहे. टेक्सासमधील युव्हाल्डी येथे शाळांचे स्वतःचे पोलीस दल होते. २४ मे २०२२ रोजी तेथील प्राथमिक शाळेवर हल्ला झाला, निरनिराळ्या दलांचे ३७६ जण जमले आणि मारेकऱ्याला गाठायला ७७ मिनिटे लागली. १९ मुले आणि २ शिक्षिका प्राणास मुकल्या.

शाळेत खाकी गणवेश दिसताच लोकशाही धोक्यात आल्याची ओरड करणारे विद्वान यावर खूश होतील. त्यांनी होऊ नये. पोलीस नकोत, असा याचा अर्थ नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात काय घडले? चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचा आरोपी शाळेचाच सफाई कर्मचारी होता. दारातल्या बंदुकीने त्याला कसे अडवले असते? तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठावे लागले. उरणमध्ये मुलांच्या शब्दावर नौदल हलले. बदलापुरात मुलींच्या शब्दावर साधा कागद हलेना! त्यानंतर शासनाने निर्णय काढून शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवण्यास फर्मावले. कॅमेरा पाहतो, ऐकत नाही.

सार्वजनिक पैसा खर्च व्हायलाच हवा, पण तो ऐकणाऱ्या माणसांवर. विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना २०१८ मध्ये देशभर सुरू झाली, तेव्हा शाळेमागे ५० हजार रुपयांची तरतूद होती. मुलांची पोलिसांशी ओळख घडवण्याची ती दिशा योग्य होती. उरण नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे. तेथील प्रत्येक ठाण्यातील एका महिला शिपायाकडे ठरावीक शाळा सोपवाव्यात, मुलांना ती नावाने ठाऊक असावी आणि इतर बंदोबस्तासाठी तिला तेथून हलवू नये. लहान वर्गांसाठी महिला मदतनीस, चारित्र्य पडताळणी झालेला रखवालदार आणि त्यांचे नियमित वेतन, हा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे दाखवला जावा. खाडीकाठच्या जिल्हा परिषद शाळेने त्यासाठी बंदरातल्या कंपन्यांच्या देणग्यांकडे का पाहावे? जमिनींसाठी लढताना जानेवारी १९८४ मध्ये याच भूमीत पाच जणांनी हौतात्म्य पत्करले आहे.