सूर्यावरचे डाग आणि मळ्यातला ताप

सूर्यावरील डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात. ते वाढले की पृथ्वीवर साथी येतात, हे मत अधूनमधून डोके वर काढते. त्याला थोर नावांचा आधारही आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचे गुरू फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात फ्लूच्या साथी आणि सौरडाग यांचा मेळ मांडला होता. १९१८, १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी डागांच्या शिखराच्या आसपास आल्या, हे खरेच आहे.

पुढे मात्र हा मेळ बसला नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा सूर्यावर जवळजवळ डागच नव्हते. कोरोना सुरू झाला तो डिसेंबर २०१९ तर सौरचक्राचा नीचांक होता. तीन तारखा जुळल्या म्हणजे कारण सापडले असे होत नाही. रोग कोणत्या वाटेने शरीरात आला, हे दाखवावे लागते.

सूर्याचा साथींशी संबंध आहे, पण तो ऋतूंमार्फत. आचऱ्यासारख्या गावात ही वाट स्पष्ट दिसते. पावसात उंदीर-घुशींच्या मूत्रातले लेप्टोस्पायरा जंतू मळ्यातल्या पाण्यात आणि चिखलात मिसळतात. लावणी करणाऱ्यांच्या पायांवरील जखमांतून, भेगांतून ते शरीरात शिरतात. जनावरांच्या मूत्रातूनही ते पसरतात, म्हणून गोठ्यात काम करणाऱ्यांनाही धोका असतो.

अशा वेळी ‘यंदाचे वर्षच तापाचे’ म्हणून ताप अंगावर काढणे जिवावर बेतू शकते. चिखलात काम केल्यानंतर महिनाभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली जाणवल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि शेतात उतरल्याचे आवर्जून सांगावे. लवकर सुरू केलेली साधी प्रतिजैविके पुरतात. उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंडे आणि फुप्फुसांवर घाला येतो. मळ्यात उतरताना जखमा झाकाव्यात, शक्य तेथे गमबूट वापरावेत. डॉक्सिसायक्लिनच्या प्रतिबंधक गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. गरोदर महिला व लहान मुलांना त्या परस्पर देऊ नयेत.

यंत्रणेचेही काम तितकेच नेमके आहे. पावसाळा दरवर्षी ठरल्या वेळी येतो. तरवा काढायला सुरुवात होण्यापूर्वी गोळ्या आणि माहिती प्रत्येक वाडीत पोहोचली पाहिजे.