परिचारिकेच्या वेतनाचा प्रश्न

बारावीचे निकाल लागले की सल्ल्यासाठी आमच्याकडे पालकांची वर्दळ सुरू होते. परवा एक जुने कार्यकर्ते मुलीला घेऊन आले. तिला परिचारिका व्हायचे आहे. वडिलांची अडचण निराळीच. ‘‘सर, आपल्या मुलीने लोकांचे मलमूत्र काढावे काय?’’ श्रमप्रतिष्ठेवर शिबिरे भरविणाऱ्या गृहस्थाच्या तोंडून हा प्रश्न ऐकून आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. शुश्रूषेच्या कामाला आपल्या जातिव्यवस्थेने चिकटविलेला विटाळ पक्षाच्या सभासदत्वाने धुऊन निघत नाही, हेच खरे.

मुलीचा प्रश्न अधिक चोख होता. ‘‘पगार किती मिळेल?’’ तिने विचारले आणि वडील ओशाळले. वास्तविक ओशाळण्याजोगे त्यात काही नव्हते. सेवा, त्याग, मातृहृदय या शब्दांच्या आडून परिचारिकेचे वेतन आजवर कापले गेले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्या स्मृतीचा आधार घेऊन कोणी पगारपत्रक आखू नये.

सातव्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारच्या सेवेतील परिचारिकेचे आरंभीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये अशी शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने राज्य शासनाइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयानेही दरमहा वीस हजारांच्या खाली जाऊ नये. वीस हजारांची ही किमान मर्यादा आखावी लागली, यातच खाजगी क्षेत्रातील वस्तुस्थिती स्पष्ट होते.

तुटवडा असला की किंमत वाढते, असे आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. देशात परिचारिकांचा तुटवडा आहे, मग वेतन का वाढत नाही? कारण हा बाजार मुक्त नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता उंबरठ्यावर उभा असतो. शिकाऊ मुली विनावेतन कक्ष सांभाळतात, त्यामुळे तितक्या जागा भराव्या लागत नाहीत. कित्येक ठिकाणी करारपत्रावर सही घेऊन मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात ठेवली गेली. नोकरी सोडायची तर पैसे भरा! याला आम्ही वेठबिगारीचे सुशिक्षित रूप म्हणतो.

केरळमधील परिचारिकांनी हे निमूटपणे सोसले नाही. २०१७ च्या त्यांच्या लढ्यानंतर तेथील सरकारला एप्रिल २०१८ मध्ये खाजगी रुग्णालयांसाठी वीस हजारांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. न्यायालयाच्या दारातून आलेली शिफारस कागदावरच राहिली असती. तिला बळ आले ते संघटनेमुळे. महाराष्ट्रातही मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांच्या हालांबद्दल अग्रलेख निघाले. रिक्त पदांमुळे रुग्णांचे वर्षभर जे हाल होतात त्यांवर मात्र क्वचितच निघतात.

त्या मुलीला आम्ही सांगितले : अवश्य जा. आधी शासकीय संस्थेतील जागेसाठी प्रयत्न कर. खाजगी संस्था असेल तर तिला जोडलेले रुग्णालय स्वतः पाहून ये. तेथे खाटांवर रुग्ण आहेत की नुसत्याच गाद्या, हे पाहा. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर परत माग, आणि कामावर रुजू झाल्यावर संघटनेची पावती फाड. वडिलांना आम्ही वेगळे काम दिले आहे. तालुक्यातील खाजगी रुग्णालयांत किती मुलींची प्रमाणपत्रे अडकली आहेत, याची यादी त्यांनी पुढील बैठकीला आणायची आहे.