व्यायामाने वाचन येते का?

मूल तिसरी-चौथीत गेलेले असते. खेळात पुढे, बोलण्यात चुणचुणीत. पण पुस्तक उघडले की अडखळते. घरात 'आळशी', 'कामचोर' सुरू होते आणि एखादी चापटही बसते. अशा मुलांच्या अम्मी हल्ली आम्हा शिक्षकांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात. उजवे कोपर डाव्या गुडघ्याला, डावे उजव्याला. त्याने म्हणे मेंदूचे दोन्ही भाग जोडले जातात आणि मूल वाचू लागते. यासाठी फी घेणारी शिबिरेही निघाली आहेत.

हा प्रकार कॅलिफोर्नियाचा. पॉल आणि गेल डेनिसन या दांपत्याने 1980च्या दशकात तो 'ब्रेन जिम' नावाने पसरवला. 2007 मध्ये अमेरिकेत त्यावरचे अभ्यास तपासले गेले, तेव्हा वाचन सुधारल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. डोळे फिरवण्याच्या व्यायामांबद्दलही तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2009 मध्ये तेच सांगितले. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची अडचण गुडघ्यात नसते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ त्याच्या मनात लवकर बसत नाही. पैसे जातात तर जावोत, पण वाचन शिकवण्याचे वर्ष जाते.

मग मुलाला बसवूनच ठेवायचे का? अजिबात नाही. लंगडी, दोरीवरच्या उड्या, चेंडू झेलणे याने अंग मोकळे होते आणि नंतर मूल अभ्यासाला शांत बसते. कणीक मळणे, चिमट्याने कपडे वाळत घालणे याने बोटांत बळ येते. वाचनासाठी मात्र हालचाल अक्षराला आणि आवाजाला बांधलेली हवी. ऑर्टन नावाचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी हाच रस्ता धरला होता: डोळ्याने पाहा, तोंडाने म्हणा, हाताने गिरवा.

घरी परातीत रवा पसरा. मुलाने 'ध' मोठा काढावा आणि काढतानाच आवाज म्हणावा. 'ध'ला वर गाठ आहे, 'घ'ला नाही, हे बोटाला कळू द्या. एका दिवशी एकच अक्षर. 'भ' आणि 'म' एकाच दिवशी नकोत. 'बटाटा' म्हणताना तीन टाळ्या, 'कपाट'ला किती, हे त्यालाच विचारा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. इथे बरीच मुले अडकतात, तेव्हा रागावू नका.

उर्दूसाठी त्याच परातीत होडीसारखा आकार काढा आणि नुक्त्यांच्या जागी चिंचोके ठेवायला द्या. खाली एक म्हणजे बे, खाली तीन म्हणजे पे, वर दोन म्हणजे ते. जमिनीवर खडूने हर्फ काढून त्यावरून चालवण्याची पद्धतही आहे, पण दादी रागावतील आणि आमचेही मन त्याला तयार नाही. परात पुरेशी आहे. दहा-पंधरा मिनिटे, पण रोज.

'सकाळी मकतबमध्ये उजवीकडून, शाळेत डावीकडून, म्हणून पोर गोंधळले' असेही ऐकू येते. दोन लिप्यांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. तो असला तर दोन्हीकडे दिसतो. मकतब बंद करू नका. सुरुवातीच्या बाजूला एक हिरवा ठिपका द्या आणि उस्तादांनाही अडचण सांगा, म्हणजे चारचौघांत मोठ्याने वाचायला उभे करणार नाहीत.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तरीही अडचण राहिली तर आठव्या वर्षाच्या सुमारास सरकारी रुग्णालयात तपासणी करा. अपंगांच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यात ही अडचण नमूद आहे. दाखल्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. 'वेडा आहे' असा त्या दाखल्याचा अर्थ नाही. लग्नाच्या वेळी अडेल म्हणून काही घरे तो लपवतात, ते आम्हाला पटत नाही. दहावीपर्यंत थांबू नका. दाखला मिळताच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि एक प्रत घरी ठेवा.